मावशींचा कप वेगळा का?

प्रश्न : धुणीभांडी करणाऱ्या मावशींसाठी सासूबाईंनी खिडकीत कान तुटलेला वेगळा कप ठेवलाय. बोललं की म्हणतात, जात कोण बघतंय, स्वच्छतेसाठी आहे! काय करू?

उत्तर : अहो, तुमचे सगळे कप त्याच मावशी घासतात ना, मग कसली आलीये स्वच्छता! महाडचं चवदार तळं नगरपालिकेने 1924 लाच सगळ्यांना खुलं केलेलं, पण कागदावर, म्हणून तर 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांसोबत जाऊन तिथलं पाणी प्यावं लागलं. अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं कलम 17 घरातही लागू होतं, पण सासूबाईंना कलमं ऐकवू नका, उगाच भडकतील 😄 उद्या सगळ्यांचा चहा एकाच ट्रेमध्ये सारख्या कपांत आणा आणि मावशींसोबत बसून प्या. खिडकीतला कप तुळशीला पाणी घालायला घ्या.