चार वर्षांच्या मुलाने धाकट्या बहिणीला इजा केली असावी अशी शंका आहे. जबाबदारी कोणाची, आणि डॉक्टरांना काय सांगावे?

तुम्ही लिहिले आहे की सात महिन्यांची मुलगी झोपली होती, चार वर्षांचा मुलगा त्याच खोलीत खेळत होता आणि तुम्ही पाच-सात मिनिटांनी परत आलात तेव्हा ती किंचाळून रडत होती व तिचा डावा हात हलत नव्हता. आता हाताला सूज आहे. मुलाने आधी ‘मी काही नाही केलं’ म्हटले आणि दिवसभर विचारत राहिल्यावर संध्याकाळी ‘मी ओढलं’ असे सांगितले. घरातली मंडळी म्हणतात की डॉक्टरांना ‘पडली’ एवढेच सांगा.

मी अनेक वर्षे बालरोग विभागात काम केले आहे, म्हणून आधी बाळाविषयी लिहितो. तिला अजून दाखवले नसेल तर हे उत्तर पुढे न वाचता निघा. लहान मुलाचा हात हिसक्याने ओढला गेला की कोपराचे हाड जागेवरून किंचित निसटू शकते. डॉक्टर ते क्षणार्धात बसवतात आणि मूल थोड्या वेळात हात हलवू लागते. मात्र त्यात सहसा सूज येत नाही. सूज असेल तर हाड मोडले असण्याची शक्यता धरून एक्स-रे काढावाच लागतो, आणि तोपर्यंत घरी कोणीही हात चोळू किंवा ओढून पाहू नये. शिवाय बाळ ओकत असेल, नेहमीपेक्षा सुस्त वाटत असेल किंवा टाळू फुगलेली दिसत असेल, तर डोक्यालाही मार लागला असू शकतो, आणि तेव्हा एक तासही थांबणे योग्य नाही.

डॉक्टरांना ‘पडली’ असे सांगू नका. जे मूल अजून चालत नाही त्याचे हाड मोडले किंवा अंगावर वळ उठले, तर सांगितलेली हकिकत आणि झालेली इजा यांचा मेळ बसतो का हे पाहणे डॉक्टरांचे कर्तव्यच असते. ते बाळाचे कपडे काढून पाठ, कान, मान सगळे तपासतील, कदाचित आणखी एक्स-रे सांगतील, एकच प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारतील. हा अपमान वाटतो, हे मी पालकांच्या चेहऱ्यावर फार वेळा पाहिले आहे. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने विचारणारे तिथे दुसरे कोणी नसते. तुम्हाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगा: मी खोलीत नव्हते, मुलगा होता, काय झाले ते मी पाहिलेले नाही. ‘मोठ्या मुलाने केले’ हेही खात्रीने सांगू नका, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्या वेळी घरात आणखी कोणी मोठे माणूस होते का, हा प्रश्नही त्या एका वाक्याने झाकला जातो. तो प्रश्न स्वतःला विचारणे जड जाईल, तरी विचारा.

आता मुलाच्या कबुलीविषयी. मानसशास्त्रज्ञ स्टीफन सेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात शाळापूर्व वयाच्या मुलांना कधीच न घडलेल्या प्रसंगांविषयी, उदाहरणार्थ उंदराच्या सापळ्यात बोट अडकल्याविषयी, काही आठवडे पुन्हा पुन्हा विचारले. अनेक मुलांनी अखेरीस तो प्रसंग तपशिलांसह रंगवून सांगितला. ती मुले खोटे बोलत नव्हती, तसे घडले असे त्यांना वाटू लागले होते. म्हणून तुमच्या मुलाचे सकाळचे ‘नाही’ आणि संध्याकाळचे ‘हो’ यांपैकी कशावरही निकाल देता येणार नाही. यापुढे विचारणे थांबवा. त्याने आपणहून काही सांगितले तर त्याचेच शब्द, आणि त्याआधी तुम्ही काय म्हणाला होतात तेही, लिहून ठेवा.

जबाबदारी तुम्हा दोघा पालकांची आहे, आणि हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. पाच मिनिटे खोलीबाहेर जाणे हे प्रत्येक घरात घडते. पण चार वर्षांच्या मुलाला आपल्या ओढण्याने हाड मोडू शकते हे कळत नाही आणि हात आवरणेही त्याला पुरते जमत नाही, म्हणून त्या दोघांमध्ये उभे राहण्याचे काम मोठ्यांकडेच येते. 1989च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातले 18वे कलमही संगोपनाची प्राथमिक जबाबदारी आईवडिलांवर ठेवते. त्याच करारावर देखरेख करणारी समिती गुन्हेगारी जबाबदारीचे वय निदान 14 असावे असे सांगते, आणि तुम्ही ज्याच्याविषयी विचारता आहात तो चार वर्षांचा आहे.

त्याच्या मनात काय चालले असेल ते बालमनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या एका निरीक्षणावरून समजते. चुकून पुष्कळ कप फोडणारा मुलगा आणि नको ते करताना एकच कप फोडणारा मुलगा यांपैकी वाईट कोण, असे विचारल्यावर लहान मुले बहुधा पुष्कळ कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवत. हेतूपेक्षा नुकसान किती झाले, याला ती अधिक वजन देत. तुमचा मुलगा स्वतःलाही त्याच मापाने मोजणार. बाळ रुग्णालयात, आई रडते आहे, म्हणजे मी फार फार वाईट, एवढेच त्याला उमगेल, मग त्याने हात ओढलेला असो वा नसो. म्हणून नातेवाइकांसमोर ‘यानेच केले’ हे वाक्य एकदाही उच्चारले जाऊ नये आणि बळजबरीने माफी मागायला लावू नये. त्याला इतकेच सांगा: ‘बाळाचा हात दुखतोय, डॉक्टर बरा करतील, आणि तुम्हा दोघांना सांभाळणं आमचं काम आहे.’

यापुढे काही महिने दोघांना एका खोलीत एकटे ठेवू नका. दोन मिनिटांसाठी उठलात तरी बाळ तुमच्यासोबत जाईल. मात्र त्याला बाळापासून हाकलूही नका. तुमचा हात बाळावर असताना त्याला जवळ बसू द्या, तिच्या पायांना हात लावू द्या. तो दुखवण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा करू लागला, किंवा त्याच्याच अंगावर न समजणारे वळ दिसले, तर बालमानसतज्ज्ञांकडे न्या, कारण कधी कधी मूल आपल्यावर जे होते तेच दुसऱ्यावर करत असते.