उचलून नेला, तर सुटेल का?

जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, पुरुष घरात. मग माझ्याकडे हमखास येणारा प्रश्न : "तो स्वतःहून येणार नाही. चार माणसं लावून उचलून नेला, तर दारू सुटेल का?"

मालवणकडच्या एका खलाशाची गोष्ट सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). भावांनी पहाटे हात बांधून गाडीत कोंबलं आणि लांबच्या एका केंद्रात टाकलं. तीन महिन्यांनी आले ते अंग धरून, हातांची थरथर गेलेली. घरच्यांनी नारळ फोडला. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली आणि आठ दिवसांत बाटली परत.

माझ्यासमोर बायकोने थर्मासमधला चहा ओतला. त्यांनी कप नाकाशी नेला, हुंगला, खाली ठेवला. "काय घातलंस ह्येच्यात?"

तिने पूर्वी कालवणातून डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवण्यासाठी देतात ती, गोळी दिली होती. या गोळीवर दारू पडली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळून जिवावरही बेतू शकतं. ती चोरून द्यायची नसतेच. त्यांना मात्र गोळी आणि गाडी एकाच कटातली वाटत होती.

म्हणून जबरदस्ती कधीच नको? असं मी म्हणणार नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तिथे मनधरणी करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. डॉक्टर नसलेल्या खोलीत अशा माणसाला डांबणं म्हणजे जिवाशी खेळ. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. संमतीशिवाय दाखल करायचं तर मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. भावांच्या मर्जीने नव्हे.

दबावाचं म्हणाल, तर तो कामी येतोही. या खलाशाला पुन्हा माझ्याकडे आणलं ते तांडेलने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने : "उपचार घे, मग बोटीवर चढ." यात धाक होता, पण फसवणूक नव्हती. तेव्हापासून औषध ते स्वतः डॉक्टरांना विचारून घेतात. शिमग्यात एकदा घसरले, दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला.

थोरल्या भावाशी अजून बोलत नाहीत. तो दर वेळी त्यांना सोडायला येतो आणि बाहेर रिक्षातच बसून राहतो.