बारावीला गणित नव्हतं, बायोस्टॅटिस्टिक्स झेपेल का?

बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बारावी पीसीबी, म्हणजे गणित दहावीलाच सुटलेलं. "मॅडम, एम.एस्सी. बायोस्टॅटिस्टिक्स करायचंय, पण गणिताची भीती वाटते," ती म्हणाली. बायोस्टॅटिस्टिक्स म्हणजे औषधं आणि आरोग्याच्या संशोधनातली सांख्यिकी. फाइलमध्ये आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या कोर्सची प्रमाणपत्रं होती. वडिलांच्या मनात मात्र मेडिकल स्टोअर होतं.

प्रमाणपत्रं बाजूला ठेवून तिला कोरा कागद दिला. 20 रुग्णांपैकी 14 जणांना औषध लागू पडलं. लागू पडण्याची संभाव्यता p मानली, तर p ची कोणती किंमत या आकड्यांशी सर्वांत जुळते? p चा 14वा घात गुणिले (1−p) चा सहावा घात, हे तिने बरोबर मांडलं. लॉग घेतला, डेरिव्हेटिव्ह काढला आणि दुसऱ्या पदातलं ऋण चिन्ह विसरली. उत्तर आलं 1.75. क्षणभर बघत राहिली, मग स्वतःच म्हणाली, "संभाव्यता एकाच्या वर कशी जाईल?" चिन्ह दुरुस्त केल्यावर 0.7 आलं.

या विषयाला लागणारी नजर तिच्याकडे आहे, हे तिथेच दिसलं. चिन्हाची चूक सरावाने जाते. 1.75 बघूनही पुढे निघून जाणाऱ्या विद्यार्थ्याची काळजी जास्त वाटते. सॉफ्टवेअर त्याला तसंच चुकीचं उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत देतं.

पण झेपणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बंगळूरचं निमहान्स ही नावं तिने काढून ठेवली होती, पात्रतेचे नियम मात्र वाचले नव्हते. पदवीला गणित किंवा सांख्यिकी होतं का, ही अट बऱ्याच ठिकाणी असते आणि तिथे हुशारीचा उपयोग नसतो. म्हणून फी भरण्याआधी चालू वर्षाचं माहितीपत्रक वाचायचं आणि शंका असेल तर विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यायचं. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा मागतात, तेही गुणपत्रिकेवर. बी.फार्म.च्या पहिल्या सेमिस्टरचं रेमेडियल मॅथेमॅटिक्स तिथे पुरत नाही. त्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म आहे, दुहेरी इंटिग्रल नाही! आठव्या सेमिस्टरचा बायोस्टॅटिस्टिक्सचा पेपर ओळखीपुरता आहे. स्वयम-एनपीटीईएलचा (सरकारी ऑनलाइन शिक्षणाचा) कोर्स घ्यायचाच असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षाही द्यावी. आणि ते प्रमाणपत्र धरलं जाईल का, हेही आधी विचारून घ्यावं.

अभ्यासाचा क्रम ठरवून दिला. आधी एका चलाचं कॅल्क्युलस, मग पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि दुहेरी इंटिग्रल. त्याच्या जोडीला मॅट्रिक्स: रँक, इन्व्हर्स, आयगेनव्हॅल्यू. रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची पद्धत) पुढे सगळं मॅट्रिक्समध्येच शिकवतात आणि बायोलॉजीची मुलं हमखास तिथे अडकतात. त्यानंतर प्रोबॅबिलिटी. रोज दोन तास, गणितं हाताने सोडवायची. व्हिडिओ बघणं अभ्यासात धरायचं नाही. आर शेवटी. सॅस हे दुसरं सांख्यिकी सॉफ्टवेअर शिकण्यासाठी 'सॅस ऑनडिमांड फॉर अकॅडेमिक्स' मोफत मिळतं, त्यासाठी क्लासला पैसे भरायची घाई नको.

वडिलांनी विचारलं, मग फार्मसी वाया गेली का? नाही. औषधाच्या चाचणीतला रुग्ण आठव्या महिन्यात यायचा बंद झाला, तर त्याला बरा धरायचा की दगावलेला? दोन्ही नाही, आठ महिन्यांपर्यंतची माहिती वापरायची आणि पुढचं अज्ञात ठेवायचं. कॅप्लान-मायर पद्धत (1958) हेच करते. पण तो दुष्परिणामांमुळे गेला की गाव बदललं म्हणून, यावर निष्कर्ष फिरतो, आणि हा प्रश्न औषधं शिकलेल्या माणसाला आधी सुचतो.

यंदा अर्ज न करता वर्षभर पाया पक्का करायचा, असं ठरलं. मधल्या काळात फार्माकोव्हिजिलन्सची (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याची) नोकरी घेऊ का, असं तिने विचारलं. जरूर घे, पण रात्रपाळी असेल तर नको. त्या दोन तासांवर पहिला घाला तीच घालते.