एका तासात वॉर्डच्या सिस्टरना डायबेटिसचं काय शिकवावं?

ताई, शंभर खाटांच्या हॉस्पिटलात नर्सिंग स्टाफला एक तासाचं डायबेटिस ट्रेनिंग द्यायचंय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. स्वादुपिंडाची स्लाइड आधी काढून टाका. ते जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) पाठ करून झालंय.

ट्रेमध्ये लाल टोपीच्या आणि केशरी टोपीच्या इन्सुलिन सिरिंज ठेवा. लाल ४० युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठी, केशरी १०० च्या. आपल्याकडे रेग्युलर, मिक्सटार्ड या इन्सुलिनच्या वायल (बाटल्या) बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या असतात आणि पेनमधलं इन्सुलिन साधारण १०० चं. युरोप-अमेरिकेतल्या पीपीटीत हा घोळ सापडणारच नाही, तिकडे ४० ची वायल माणसांसाठी जवळपास बंदच झालीये. प्रत्येकीला २० युनिट भरायला सांगा. ४० च्या वायलमधून केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पेशंटला मिळतात ८ युनिट. उलट १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर जातात ५०! हा हिशोब फळ्यावर त्यांच्याकडूनच करून घ्या. ग्लार्जिन या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनची वायल १०० चीही येते, तेव्हा रंग किंवा कंपनी ओळखून चालत नाही, लेबलवरचा आकडा वाचायचा. पेनमधून सिरिंजने इन्सुलिन काढायचं नाही. एकाचं पेन दुसऱ्याला तर सुई बदलूनही नाही, कारण रक्त आत ओढलं जाऊ शकतं.

मग वेळ. रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास, हे सगळ्यांना येतं. पण हँडओव्हरच्या आधी कामं उरकायची म्हणून सातला सगळ्यांना इन्सुलिन टोचलं जातं, नाश्ता साडेआठला येतो, आणि मधे एखाद्याला सोनोग्राफीला उपाशी नेतात. म्हणून या वर्गाला किचनचा सुपरवायझर आणि वॉर्डच्या मावशीही हव्यात. मोसंबी सोललेल्या बोटाची शुगर खोटी जास्त येते, हात धुवून मगच टोचायचं, हे मावशींनाही कळू दे.

शुगर ७० च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीत असेल, तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून. यासाठी फिजिशियनची सही असलेली स्टँडिंग ऑर्डर (दर वेळी न विचारता उपचार करायची लेखी परवानगी) आधीच घेऊन ठेवा, नाहीतर रात्री सिस्टर फोनच लावत बसते. ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) घेणारा, किडनी कमजोर असलेला म्हातारा पेशंट एकदा सुधारला म्हणून निर्धास्त होऊ नका. शुगर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, दिवसभर नजर ठेवावी लागते.

थायरॉइड, ॲड्रिनल एका तासात बसणार नाही. पण एनबीएम (तोंडाने काहीही द्यायचं नाही अशा) पेशंटच्या बाबतीत दोन गोष्टी सांगाच. टाइप १ चा पेशंट उपाशी असला तरी त्याचं बेसल (जेवणाशी संबंध नसलेलं, रोजचं पायाभूत) इन्सुलिन परस्पर बंद करायचं नाही, किटोॲसिडोसिस होतो, म्हणजे रक्तात जिवावर बेतणारं आम्ल साठतं. आणि कित्येक महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असलेल्याची गोळी एनबीएममुळे चुकत असेल, तर त्याऐवजी हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना स्वतःहून विचारायचं. नाहीतर बीपी पडतं आणि सलाइन चढवूनही वर येत नाही.

शेवटी एमसीक्यू ठेवलाच पाहिजे असं नाही. आठवड्याने सकाळी सातला वॉर्डात उभं राहून बघा, ते जास्त कळतं. आणि नाइटवाल्यांसाठी वेगळा वर्ग ठेवा, ड्युटी संपल्यावर थांबवून घेतलंत तर अर्ध्याजणी पेंगतील.