शेळ्या वजनाप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या ऑटोमॅटिक गेटला वर्म गिअरबॉक्स लावू की हेलिकल?

वर्मच लावा, म्हणजे स्क्रूसारखा दांडा दात्यांचं चाक फिरवतो तो. ६०:१ च्या वर्ममध्ये (मोटरचे ६० फेरे, बाहेरच्या शाफ्टचा एक) मोटर बंद असताना बोकडानं कितीही ढुशी मारली तरी गेट सहसा मागे सरकत नाही. हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांच्या चाकांचा, धक्क्यानं उलटा फिरतो, मग ब्रेकवाली मोटर घ्या, खर्च वाढवा. १४४० आरपीएमच्या मोटरवर शाफ्टला मिनिटाला २४ फेरे मिळतात, म्हणजे पाव फेरा पाऊण सेकंदाच्या आत. शेळीला तेवढं पुरतं. मी वर्ध्याकडे गोठ्यांच्या गेटचं फॅब्रिकेशन करतो. अडचण एकच: लाइट गेली की हे गेट हातानं हलत नाही, अन् आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. म्हणून शाफ्ट आणि गेटच्या मध्ये ओढून काढता येईल अशी पिन ठेवाच, तिला ग्रीस लावून. गंजली तर हातोडाच लागतो.