प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत तेव्हा

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

बाबांचे डायलिसिस सुरू झाल्यापासून प्रार्थनेला बसले की शब्दच फुटत नाहीत, आणि चर्चच्या मंडळीतले लोक ‘विश्वास ठेव’ म्हणतात तेव्हा आपला विश्वास उरलाच नाही की काय अशी भीती वाटते, हे तू लिहिलेले मी पुन्हा पुन्हा वाचले. तुझा विश्वास गेलेला नाही. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नसते, त्याच्यावर कोणी रुसत नाही.

माझ्या पत्नीच्या शेवटच्या आजारपणात माझीही वाचा अशीच बसली होती. तेव्हा मी बायबलातील स्तोत्रसंहिता उघडून दुसऱ्याचे शब्द नुसते ओठांवर घेत असे, आणि असेच एका रात्री ८८ व्या स्तोत्रापाशी थांबलो. बहुतेक विलापस्तोत्रे अखेरीस कोठेतरी स्तुतीकडे किंवा भरवशाकडे वळतात. हे मात्र वळत नाही, मूळ इब्रीत तर त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. तरीही ते म्हणणारा माणूस देवाला रोज हाक मारतो, सकाळ झाली की त्याची प्रार्थना देवापुढे जाते, आणि ‘तू माझ्यापासून तोंड का लपवतोस’ असे तो त्यालाच विचारतो. उत्तर येत नसतानाही गाऱ्हाणे त्याच्याच दारी नेणे, यालाच देवावर विसंबणे म्हणतात, हे मला तेथे कळले. असे स्तोत्र पवित्र शास्त्रातून कोणी गाळले नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो.

तुला लहानपणापासून पाठ असलेले २३ वे स्तोत्र आता एकदा सावकाश म्हणून पाहा. पहिल्या तीन वचनांत देवाचा, म्हणजे मेंढपाळाचा, उल्लेख ‘तो’ असा आहे: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी लागते आणि तेथेच शब्द येतात, ‘तू माझ्याबरोबर आहेस’. कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस दरीत शिरताच देवाशी बोलू लागतो. आईला आणि देवाला ‘तू’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत ही जवळीक वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सध्या दीडशेच्या दीडशे स्तोत्रे वाचून काढण्याचा नेम मुळीच धरू नकोस. १३ वे घे. ते सहाच वचनांचे आहे आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. रात्री ते मोठ्याने वाच, प्रत्येक ‘कोठवर’पाशी थांबून तुझा स्वतःचा प्रश्न, मग तो रुग्णालयाच्या बिलाचा का असेना, देवापुढे बोलून टाक. शेवटच्या वचनातले गाणे अजून तुझ्या तोंडून निघत नसेल, तर ते नुसते वाचून पुस्तक मीट. ओढूनताणून आनंदी होऊ नकोस. वधस्तंभावर प्रभू येशूने २२ व्या स्तोत्राचा आरंभीचा आक्रोशच आपल्या तोंडी घेतला होता, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, मग तुला तुझ्या आक्रोशाची लाज का वाटावी?

डायलिसिसच्या दिवशी बाबांजवळ बसशील तेव्हा त्यांना उपदेश करू नकोस. त्यांची इच्छा असेल तर २३ वे हळू आवाजात म्हण, आणि चौथ्या वचनापाशी त्यांचा हात धर. पुढच्या पत्रात त्यांची प्रकृती कळव. मी रोज सकाळी तुम्हा दोघांचे नाव घेऊन प्रार्थना करतो.

तुझा,
गुरुजी