वडिलांनंतर कारखाना अंगावर आला की डोकं शांत कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या पश्चात टॉवेलचा कारखाना तुमच्याकडे आला, तीस-चाळीस माणसं हाताखाली आहेत, दोन मोठ्या व्यापाऱ्यांकडे पैसे अडकलेत, रात्री झोप नाही आणि दिवसा कामगारांवर आवाज चढतो. शांत कसं राहायचं, आणि अडचण कामगारांना सांगायची की लपवायची, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मीही सोलापुरातच, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट चालवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मालकाची शांतता स्वभावावर कमी आणि हिशोबावर जास्त अवलंबून असते, असं माझं ठाम मत आहे. न मोजलेल्या रकमेची भीती सगळ्यात वाईट. "किती अडकलंय?" याचं उत्तर "लई अडकलंय" असं असेल तोवर झोप लागणार नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 टक्के जादा शुल्क लावलं आणि महिना संपायच्या आत ते 50 टक्क्यांवर नेलं. आम्ही ज्या निर्यातदाराला माल विणून देतो त्याचा फोन आला, "पुढचा माल थांबवा." ऑफिसात एकदम गोंधळ. कुणी म्हणालं एक पाळी बंद करा, कुणी म्हणालं सूत परत पाठवा. मी एवढंच विचारलं: या ऑर्डरीचं किती सूत अजून गोदामात आहे, किती बीम (ताण्याच्या सुताचे रूळ) मागावर चढलेत आणि किती माल तयार आहे? रजिस्टर काढलं, जॉबरला, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाला, शेडमध्ये पाठवून एकेक माग बघायला सांगितला. गोदामातलं सूत दुसऱ्या क्वालिटीला चालणारं होतं, त्याची चिंता मिटली. मागावरचा बराचसा माल साधा होता, तो इथल्या हॉटेलवाल्यांना आणि दुकानदारांना कमी मार्जिनवर जाणार होता. खरी अडचण होती ती खरेदीदाराचं नावच जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) विणलेल्या टॉवेलांची, कारण ते दुसरं कुणी घेत नाही. अर्ध्या तासापूर्वी अख्खा कारखाना बुडाला असं वाटत होतं. आता अडचण तेवढ्या गठ्ठ्यांपुरती उरली आणि निर्यातदाराशी नेमकं काय बोलायचं ते कळलं.

तुमच्याकडेही हेच करा. येत्या दहा-बारा आठवड्यांचा एक कागद मांडा: कोणत्या आठवड्यात कोणाकडून किती येणार, आणि पगार, लाइट बिल, सूतवाला, बँकेचा हप्ता, 15 तारखेचा पीएफ-ईएसआय, 20 तारखेचा जीएसटी यात किती जाणार. पैसे कमी पडणारा आठवडा लगेच दिसेल. त्याच्या आधीच सूतवाल्याकडे आणि बँकेत जाऊन बोला. आपणहून तारीख मागणाऱ्याला बाजार सांभाळून घेतो. फोन न उचलणाऱ्याची उधारी पहिली बंद होते.

अडकलेल्या पैशांचं म्हणाल तर, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून झालेलं असेल तर 2006 चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. जुनं गिऱ्हाईक असेल तर थेट तक्रार करू नका, पण आपल्या सीएकडून एक सभ्य पत्र जरूर पाठवा.

आवाज चढण्याबद्दल. आमच्याकडे एक नियम आहे. आग, शॉर्टसर्किट, कुणाला इजा, एवढ्यावरच जागच्या जागी निर्णय. बाकी कुणाला काढायचं, कोणती ऑर्डर नाकारायची, कोणत्या व्यापाऱ्याला सुनवायचं, हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी. राग आलाच तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. ठोके खरंच कमी होतात. पण छातीत दुखलं तर गॅस म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरकडे जा. आणि जगणं नको वाटण्यापर्यंत विचार गेले तर 14416 या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर त्याच क्षणी फोन लावा, मराठीत बोलता येतं. कर्ज फेडायला वेळ मागता येतो.

कधी फारच कोंडल्यासारखं झालं तर आपल्या शहराचा विचार करा. 1877 ची जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या. त्यांच्या भोंग्यावर सोलापूर उठायचं. त्या बंद पडल्या तेव्हा हजारो घरांचे हाल झाले, ते दुःख कमी लेखायचं नाही. तरी पूर्व भागातले माग चालू राहिले, चादर आणि टॉवेल विणले जात राहिले. एक कारखाना म्हणजे विणकाम नव्हे, आणि तुमचा कारखाना म्हणजे तुम्ही नव्हे. तो अडचणीत आला म्हणून वडिलांचं नाव बुडत नाही.

आता कामगारांचं. सांगा, पण कागद मांडून झाल्यावर. बीम संपत आलं आणि नवं चढत नाही, हे विणणाऱ्याला तुमच्याआधी दिसतं. तुम्ही गप्प राहिलात तर चहाच्या टपरीवर कारखाना विकायला काढल्याची बातमी होते. सगळ्यांना पाळी बदलताना एकत्र उभं करा आणि तीनच गोष्टी बोला: काय अडलंय, या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला होणार, पुन्हा कधी सांगणार. कुणाला मराठीपेक्षा तेलुगू किंवा कन्नड सोपं जात असेल तर जॉबरला शेजारी उभं करून त्यांच्या भाषेत सांगायला लावा. पगाराची तारीख मात्र पाळता येईल तीच द्या, दोन दिवस उशिराची असली तरी चालेल.